स्थळ पाहणे

मराठीत 'स्थळ' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात जितका सुखाने नांदतो तितकाच लग्नाच्या बाजारातही. 'स्थळ पाहायला गेलो होतो' असे म्हटले की ऐकणारा आधी पोहे कसे होते ते विचारतो. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघे सात दिवस सिंगापूरला जाऊन आलो. त्या फेरीला काय म्हणावे हा प्रश्न पडला तेव्हा आम्हांला हाच शब्द जवळचा वाटला. 'सहल' म्हणणे खोटे ठरले असते. 'पाहणी' या शब्दाला सरकारी पथकाचा वास येतो. पूर आला, दरड कोसळली की पाहणी होते. 'टेहळणी' शत्रूच्या मुलखाची करतात, आणि 'रेकी' हा शब्द वृत्तपत्रांनी केव्हाच दरोडेखोरांच्या स्वाधीन करून टाकला आहे. राहिले स्थळ पाहणे. त्यातही घर झाडूनपुसून ठेवलेले असते, मंडळी ठेवणीतले बोलतात, आणि तासाभराच्या त्या भेटीवर पुढची वर्षे ठरतात. शिवाय ज्यांची वर्षे ठरत असतात त्यांपैकी सगळे त्या खोलीत हजर असतातच असे नाही.

प्रसंग साधा होता. आमच्यापैकी एकाची नोकरी खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठच्या रसायनांच्या कारखान्यात; दुसरीची एका महाविद्यालयात मराठी शिकवण्याची. घर कर्जतला, उल्हास नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात आई, वय वर्षे बाहत्तर, आणि मुलगी, मराठी शाळेत चौथीला. कंपनीने सिंगापूरच्या जुराँग बेटावर तीन वर्षांसाठी जाल का, असे विचारले आणि उत्तर देण्यापूर्वी शहर पाहून या म्हणून दोघांची तिकिटे काढून दिली. जुराँग बेट म्हणजे सात लहान बेटांच्या मध्ये भर घालून केलेले एक मोठे बेट. सात बेटे जोडून झालेल्या एका शहराच्या आधाराने आमच्याकडच्या कित्येक पिढ्या जगल्या, त्यामुळे हे ऐकताच आई म्हणाली, "म्हणजे मुंबईच की दुसरी."

जाण्यापूर्वी पाहून यावे, हे शहाणपण आमच्या मातीला नवे नाही. खोपोलीजवळ उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान तिथल्या अरुंद, दाट झाडीच्या वाटेने घाट उतरला आणि शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला मागेपुढे कोंडले. वाट न पाहता कुटुंबकबिल्यासह निघणाऱ्याचे काय होते, हे सांगायला खालापूर तालुक्यातल्या माणसाला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. नातेवाइकांपैकी एकदोघांनी ते आम्हांला ऐकवलेही.

मराठी प्रवासलेखनात मात्र आम्ही या नजरेचा शोध घेतला तेव्हा ती फारशी हाती लागली नाही. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने. बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला, आणि त्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापला. गोडसे भटजींची नजर विलक्षण आहे, पण ती परतणाऱ्याची नजर आहे. ज्या गावात आपल्याला बिऱ्हाड करायचे नाही त्या गावाकडे माणूस मोकळेपणाने पाहू शकतो. 'अपूर्वाई'तले पु. ल. देशपांडेही तसेच, परतीचे तिकीट खिशात असल्याखेरीज असा विनोद सुचत नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी यांची गोष्ट वेगळी. अठरा वर्षांची ती मुलगी एकटी पुढे गेली आणि गोपाळराव मागाहून पोचले. तिथली थंडी, अन्न, कपडे, माणसांचे वागणे हे सारे आधी आनंदीबाईंनी अंगावर घेतले, आणि गोपाळरावांपर्यंत अमेरिका पोचली ती त्यांच्या पत्रांतून. त्या पत्रांचा उपयोग काशीबाई कानिटकरांपासून पुढच्या सर्व चरित्रकारांनी केला. तो बहुधा त्यांच्या मनोधैर्याचा पुरावा म्हणून. पण आपल्या माणसासाठी एक परका मुलूख आधी पाहून ठेवणाऱ्या व्यक्तीचे लेखन म्हणून ती पत्रे वाचावीत असे आम्हांला आता वाटते. वर्गात शिकवताना हे सुचले नव्हते.

कोकणातल्या माणसाने मुंबईला जाताना तर स्थळ पाहिले नाही, तो स्थळी जाऊन पडला. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, खानावळी होत्या. पुढे गेलेला माणूस पुढेच राहिला आणि कुटुंब वर्षानुवर्षे मागे. त्याने कुटुंबासाठी शहर पारखले असेलच, आणि हे आपल्या माणसांना नको, असा निकालही मनाशी दिला असेल. आमच्याच जिल्ह्यातल्या, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांनी १९४८ नंतर इस्रायलची वाट धरली तेव्हा त्यांच्याकडे पाहून आलेला कुणी नव्हता, होते ते धर्मग्रंथातले वर्णन. पुढे काही कुटुंबांनी तिथल्या वागणुकीविरुद्ध धरणे धरले, १९५२ साली त्यांना विमानाने मुंबईला परत आणावे लागले, आणि मग त्यांतले बरेच जण पुन्हा तिकडेच गेले. दुसऱ्यांदा जाताना त्यांनी स्थळ पाहिलेले होते, एवढाच फरक. याच मंडळींनी पुढे तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

आता सिंगापूर. हे शहर पाहण्याची आमची मापे कर्जतची होती आणि ती बदलण्याचा आम्ही प्रयत्नही केला नाही. अख्खा देश रायगड जिल्ह्याच्या जेमतेम दशांश. सर्वांत उंच जागा बुकित तिमा, १६४ मीटर. रोज खिडकीतून माथेरानचा डोंगर पाहणाऱ्याला ती टेकडीसुद्धा वाटत नाही. आगगाड्या इतक्या वेळेवर की आम्हांला चुकल्या-चुकल्यासारखे झाले. कर्जत हे थांबण्याचे स्टेशन आहे. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडायची म्हणून गाड्या इथे थांबत आल्या, आणि त्या थांबण्यावर बटाटेवड्याची एक संस्कृती उभी राहिली. सिंगापूरच्या भुयारी गाडीत खाणेपिणे हा दंडाचा गुन्हा. पाण्याचीही आम्ही चौकशी केली. हे शहर शेजारच्या जोहोरकडून पाणी घेते, १९६२ चा करार २०६१ पर्यंत आहे, आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरते. हे ऐकून परके वाटले नाही. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरात चाके फिरवून खाली येते आणि त्यावर आमची पाताळगंगा बारमाही वाहते. आम्हीही वापरून झालेल्या पाण्यावरच जगतो.

पाऊस मात्र परका निघाला. तिथे वर्षाला सुमारे २,१०० मिलिमीटर पडतो, माथेरानला त्याच्या दुपटीहून अधिक. पण प्रश्न मिलिमीटरचा नव्हता. तिथला पाऊस बारा महिने येतो, दुपारी गडगडतो, तासाभरात निघून जातो, आणि त्याची कुणी वाट पाहत नाही. मृग, आर्द्रा, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस असे त्याला वय नाही. आमच्या मुलीला राब भाजणे, आवण, खाचर, इरले, पागोळी हे शब्द येतात ते आजीमुळे आणि जून महिन्यामुळे. त्यातला जून तिथे नव्हता. आजीचे काय, ते पुढे सांगतो.

घरे पाहण्यात तीन दिवस गेले. तिथले बहुसंख्य रहिवासी सरकारी गृहमंडळाने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. तळमजला मोकळा सोडलेला असतो. तिथे लग्ने होतात, अंत्यविधीचे मंडपही तिथेच पडतात, आणि एरवी म्हातारी माणसे बाकांवर बसलेली असतात. कोणत्या इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा १९८९ पासून ठरलेली आहे, परदेशी भाडेकरूंचीही आहे. आधी हे ऐकून आमच्यातल्या साहित्याच्या शिक्षिकेला राग आला. मग मुंबईत आडनाव विचारून घर नाकारणारे लोक आठवले आणि रागाचे टोक बोथट झाले. पुंगोलला एक घर आवडले होते. दलालाने सगळे दाखवले आणि जाता जाता सांगितले की घरमालकाला 'हलका स्वयंपाक' करणारे भाडेकरू हवेत. हलका म्हणजे काय, असे विचारल्यावर तो अवघडला. उकडलेले चालेल, तळलेले, परतलेले नको. फोडणी या शब्दासाठी त्याच्याकडे शब्द नव्हता, पण वस्तू मात्र त्याला पक्की ठाऊक होती. ते घर आम्ही सोडले. क्लेमेंटीला दुसरे मिळण्यासारखे होते. खिडकीबाहेर कपडे वाळवण्याच्या काठ्या आणि खाली बाजार. तिथल्या मालकीणबाईंनी स्वयंपाकाविषयी काही विचारले नाही. म्हातारे माणूस कुणी येणार आहे का, एवढेच विचारले. येणार असेल तर न्हाणीघरात धरायला दांडा बसवून देते, म्हणाल्या.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आदल्या दिवशीच मिळाले होते. तिथल्या नियमाप्रमाणे परदेशी नोकरदाराला नवरा किंवा बायको आणि मुले न्यायची तर दरमहा किमान ६,००० सिंगापूर डॉलर पगार लागतो. आईवडिलांना न्यायचे तर १२,०००. आमचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता. कुटुंब म्हणजे काय, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण कुटुंबाची व्याख्या इतक्या नेमकेपणाने, आकड्यात मांडलेली आम्ही प्रथमच पाहिली. नियम लपवलेला नव्हता, त्यात कुणाचा आकसही नव्हता. दुसरा देश आपल्याला किती माणसांसकट घ्यायचे ते ठरवणारच. पण आम्ही सात दिवस शहर पाहत होतो ते चार माणसांच्या डोळ्यांनी. जिने किती, बाक कुठे, जवळ देऊळ आहे का, दवाखाना कुठे, हे सारे आईसाठी. ती पाहणी व्यर्थ आहे हे कळल्यावरही आम्ही ती थांबवली नाही. क्लेमेंटीच्या बाईंना आम्ही सांगितले, की दांडा असू दे.

शाळेचा दिवस शेवटून दुसरा. सिंगापूरच्या सरकारी शाळेत परदेशी मुलांना प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण होऊनही जागा असेल तरच प्रवेश मिळतो. म्हणून तिथली एक भारतीय अभ्यासक्रमाची शाळाही पाहिली. पण आम्हांला थांबवले ते सरकारी शाळांच्या माहितीपत्रकाने. तिथे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकायची असते आणि त्या विषयाचे नावच 'मातृभाषा' आहे. चिनी मुलाला मँडरिन, मलाय मुलाला मलाय, भारतीय मुलाला तमिळ. आणि १९९० च्या सुमारापासून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक. मराठी त्यात नाही. ही यादी तिथे स्थायिक झालेल्या समाजांच्या संख्येवर आणि त्यांनी केलेल्या प्रयत्नांवर ठरली आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तरीही 'मातृभाषा : हिंदी' ही नोंद आमच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर कशी दिसेल, हे आम्ही दोघेही त्या बाकावर बसून मनाशी पाहत होतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून तेव्हा सव्वा महिनाच झाला होता; ३ ऑक्टोबर २०२४ च्या त्या निर्णयानंतर आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले होते.

वास्तविक वाद नावाचा आहे. 'दुसरी भाषा : हिंदी' असे लिहिले असते तर आम्ही पुढचे पान उलटले असते. मातृभाषा हा शब्द कार्यालयाने वापरला की त्याचा अर्थ आईची भाषा असा राहत नाही, राज्याने तुमच्या आईला नेमून दिलेली भाषा असा होतो. चीनमधून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे आधीच घडून गेले आहे. होक्किएन, तिओच्यू, कँटोनीज बोलणाऱ्या आजीच्या नातवंडांची मातृभाषा शाळेत मँडरिन ठरली, आणि १९७९ पासून त्यासाठी मोठी सरकारी मोहीम चालली. टॅक्सीवाले एक वृद्ध गृहस्थ आम्हांला सांगत होते, की नातीशी बोलताना त्यांना मधे मुलाची गरज पडते. ते हे हसत सांगत होते.

तिथल्या मराठी मंडळींनी आमची बडदास्त ठेवली. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, 'ऋतुगंध' नावाचे मंडळाचे नियतकालिक आहे आणि त्यातले काही लेखन आमच्याकडच्या दिवाळी अंकांना लाजवील असे आहे. एका घरी जेवायला गेलो. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा व्यवस्थित मराठी बोलत होता, फक्त लिहीत नव्हता. त्याची आई म्हणाली, "बोलतो तेवढं पुरे म्हणायचं. लिहून दाखवायचं कुणाला?" यावर आमच्याकडे उत्तर होते, पण ते वर्गात देण्याजोगे, जेवणाच्या ताटावर नव्हे.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी समुद्राकाठी आझाद हिंद सेनेचे स्मारकचिन्ह पाहिले. १९४३ साली याच शहरात नेताजींनी झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची पलटण उभी केली. वरसईच्या भटजींनी डोळ्यांनी पाहिलेली राणी पंच्याऐंशी वर्षांनी इथे पोचली, या विचाराने आम्हांला जरा बरे वाटले. तेवढ्यात रस्त्यावरून एक उघडा मालट्रक गेला. मागच्या हौद्यात मजूर बसले होते, कामावरून परतणारे, बहुतेक बांगलादेशी किंवा तमिळ. मजुरांची अशी ने-आण तिथे नेहमीची आहे. दिवाळीनंतर कर्जत-खालापुरातून असेच ट्रक निघतात. उचल घेतलेली कातकरी कुटुंबे, पोरेबाळे, भांडी, कोंबड्या, सगळे वीटभट्टीवर. मुकादम सांगेल ते गाव. स्थळ पाहण्याचा प्रश्नच येत नाही, तिथले पाणी कसे आहे हेही गेल्यावर कळते.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटाची ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता, मदत करणारे पायी वर चढले; आमच्या ओळखीतलेही काही जण होते. वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवले आणि पुढे चौकजवळ सिडकोने त्यांच्यासाठी घरे बांधली. त्या घरांच्या खिडक्या कुठल्या दिशेला असाव्यात, डोंगर दिसावा की दिसू नये, हे त्यांना कुणी विचारले होते का, असा प्रश्न आम्हांला त्या समुद्राकाठी पडला. सात दिवसांत बावीस घरे पाहून, फोडणीवरून एक नाकारून आम्ही तिथे उभे होतो.

कर्जतला आल्यावर आईसमोर सगळे मांडले. फोटो, नकाशा, भाड्याचे आकडे. परवान्याचा नियमही सांगितला, तो सांगायला सर्वांत जड गेला. आईने दांड्याची गोष्ट दोनदा विचारली. मग म्हणाली, "तीन वर्षं काय, बघताबघता जातात. माझ्या सासऱ्यांनी मुंबईत एकतीस वर्षं काढली, सासूबाईंनी त्यांची खोली एकदाही बघितली नाही." हे तिने समजूत घालण्यासाठी सांगितले की टोमणा म्हणून, हे आम्ही दोघांनी वेगवेगळे ठरवले आहे.

मुलीने फोटोंतले फक्त खेळण्याचे मैदान पाहिले आणि घसरगुंडी किती उंच आहे ते विचारले. ते आम्ही मोजून आणलेले नव्हते.

आम्ही होकार कळवला. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा घेतली. तिथेही मराठी नाही, पण रकान्याचे नाव 'द्वितीय भाषा' असे आहे. बांधाबांध चालू असताना, २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये, इकडे पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासननिर्णयावरून रान उठले आणि जूनअखेर ते निर्णय मागे घेतले गेले. कर्जतच्या ग्रंथालयात त्यावर सभा झाली. आमच्यातल्या एकीला बोलायला बोलावले होते. तिकडच्या अर्जावर त्याच आठवड्यात आम्ही हिंदीपुढे खूण केली होती. आईला त्यात काही विशेष वाटले नाही. "हिंदी ती मालिका बघून शिकलीच आहे," म्हणाली, "वाचायचं माझ्याकडे द्या."

बाजारात जाऊन तिने पाचवीच्या बालभारतीच्या दोन प्रती आणल्या, एक नातीच्या पेटीत घातली, एक स्वतःच्या उशाशी ठेवली. रोज एक पान मोठ्याने, फोनवर. वेळही तिनेच ठरवली. तिकडे संध्याकाळचे सात म्हणजे इकडे साडेचार; चहा झालेला असतो आणि देवळात जायला अवकाश असतो.